रत्नागिरी, मार्गे बिहार

मार्चअखेरचं क्लोजिंग उरकलं आणि ‘रत्नागिरीला जाऊन येतो’ म्हणून मी रजेचा अर्ज टाकला. हेडकॅशिअरने तिथल्या तिथे दोन पेट्या हापूस सांगून ठेवला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की माझी रत्नागिरी बिहारात आहे! राजगीरच्या एका डोंगराचं नाव रत्नागिरी. जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या प्रेरणेने त्यावर विश्वशांती स्तूप उभा राहिला आणि १९६९ साली राष्ट्रपती गिरींनी त्याचं उद्घाटन केलं. गिरीवर गिरी!

पहिल्यांदा गेलो ते २००७ साली. तेव्हा वर जायला एकेका माणसाच्या उघड्या खुर्च्या. खुर्ची कुणासाठी थांबत नसे. मागून यायची, गुडघ्यामागे टपली मारायची, की आपण बसलेलेच! समोर एक दांडी आडवी पडली, की खाली दरी आणि वर राम. लग्नाला वर्षच झालं होतं. सौ. पुढच्या खुर्चीत, मी मागच्या. मध्ये बोलणं ऐकू येणार नाही एवढं अंतर. विश्वशांती म्हणतात ती हीच, अशी माझी खात्री पटली.

आई मात्र खालीच राहिली. गुडघे साथ देत नव्हते. “मला काय बघायचंय वर? मी पिशव्या सांभाळते,” म्हणाली. आम्हीही ते खरं मानलं. सोयीचं होतं ना!

२०२१ साली तिथे आठ माणसांच्या बंद डब्यांचा नवा रोपवे सुरू झाला. या खेपेला त्यात बसलो. सौ. समोर, म्हणजे सगळं स्पष्ट ऐकू येईल अशी. “यात कसली मजा? ती खुर्ची म्हणजे खुर्ची होती,” मी कुरकुरलो. आईचं लक्षच नव्हतं. ती काचेला नाक लावून बसली होती.

वर स्तूपाच्या चारही बाजूंच्या बुद्धमूर्तींना तिने सावकाश नमस्कार केले. मग कठड्याशी उभी राहून खाली बघत म्हणाली, “त्या वेळी मी तिथे बसले होते. येणारी प्रत्येक खुर्ची बघत होते, तुम्ही दिसताय का म्हणून.”

सोळा-सतरा वर्षांनी कळलं, की पिशव्या सांभाळणं हे निमित्त होतं.

आधुनिकीकरणाविरुद्धची माझी तक्रार मी तिथेच मागे घेतली. उतरताना सगळ्या पिशव्या माझ्या मांडीवर होत्या.

हेडकॅशिअर अजून हापूसची वाट बघतोय.