ब्र काढायचा नाही

मास्तराच्या धंद्यात एक मोठी गैरसोय आहे. विद्यार्थी शाळा सोडतो, गाव सोडतो, प्रसंगी देशही सोडतो. पण अडचणीचा प्रश्न पडला की त्याला नेमका मास्तर आठवतो. बाप रागावेल, बायको हसेल, मास्तर मात्र उत्तर देईल. कारण उत्तरे देण्याचाच त्याला पगार मिळतो, अशी बिचाऱ्याची समजूत असते.

माझ्या अगदी पहिल्या वर्गातला एक मुलगा सध्या कॅनडात, ओंटारिओ प्रांतात नोकरीला आहे. गेल्या फाल्गुनात त्याचे पत्र आले. पत्र म्हणजे मोबाईलवरचा मजकूर. पण तो कागदावर उतरवला तर दोन पाने सहज भरतील, म्हणून मी त्याला पत्रच म्हणतो. त्याचा शेजारी हौशी शिकारी आहे. तिकडची काळी अस्वले हिवाळाभर झोपतात आणि बर्फ वितळले की भुकेली होऊन बाहेर पडतात. मे महिन्यात त्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. शेजारी आपल्या बारा वर्षांच्या पोराला घेऊन निघायचा होता. बाराव्या वर्षापासून मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली शिकार शिकायला तिथे परवानगी आहे. त्याने माझ्या विद्यार्थ्याच्या मुलालाही, नुसते बघायला म्हणून, बोलावले होते. मुलाने हट्ट धरला होता, आई नको म्हणत होती, आणि हा मधल्यामध्ये सापडला होता. शेवटी लिहिले होते, ‘गुरुजी, पाठवू का? तुम्ही जंगलाच्या मुलखातले. तुम्हाला कळेल.’

मुलगा पहिल्यापासून चौकस. त्याने आणखीही माहिती पुरवली होती. आया मारल्या गेल्या की मागे राहिलेली पिले उपाशी मरतात, अशी ओरड झाल्यामुळे १९९९ साली तिथल्या सरकारने वसंतातली ही शिकार बंद केली होती. २०१४ साली काही भागांत ती पुन्हा सुरू झाली, आणि पुढे वाढली. पिले बरोबर असलेल्या मादीला मारणे तिथे गुन्हा आहे. पण तिकडची अस्वलीण पिलांना झाडावर चढवून ठेवते आणि मग एकटीच खायला जाते. शिकाऱ्याला पिले दिसतातच असे नाही.

हे शेवटचे वाक्य वाचले आणि मी मोबाईल पालथा घातला. मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत असल्या प्रश्नांची उत्तरे पात्रांवर ढकलता येतात. इथे ढकलायला कोणी नव्हते. शिवाय या विषयाला आमच्या घरात एक बंद दार होते, आणि ते मी जन्मात कधी उघडलेले पाहिले नव्हते.

आमचे गाव नवेगावबांधच्या बाजूला, धानाच्या आणि मालगुजारी तलावांच्या मुलखात. जुन्या घराच्या ओसरीत दोन लाकडी खुंट्या आहेत. त्यांवर पूर्वी आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची, दुनळी बंदूक असे. मला कळू लागले तेव्हा नुसत्या खुंट्याच होत्या. आई त्यांवर छत्र्या अडकवी. आबाजी कधीकाळी शिकार करीत, एवढे गावात ऐकू येई. घरात कोणी बोलत नसे.

आणखी एक गोष्ट होती. मी लहान असताना दरवेशी अस्वल घेऊन गावात येई. डमरू वाजला की आम्ही पोरे धावत सुटत असू. नाकात दोरी घातलेले ते धूड मागच्या पायांवर उभे राहून झुले. धीट पोरांना त्याच्या पाठीवर बसवीत. डमरूचा आवाज आला की बाबा मात्र ओसरीवरून उठून आत जात आणि दार लावून घेत. मला पाठीवर बसायचे होते. एकदा मी चवलीसाठी फार रडलो, तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून आत ओढून नेले. माझ्यावर हात न उगारणाऱ्या माणसाचे ते रूप पाहून मी गप्प झालो. पुढे कायद्याने आणि प्राणिमित्रांच्या खटपटीने हे खेळ बंद पडले. देशातले शेवटचे नाचते अस्वल २००९ साली सोडवले गेले. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि धानाचा भाव विचारू लागले.

चैत्रात आम्ही गावी गेलो. आमची धाकटी नऊ वर्षांची आहे. तिने येता येताच जाहीर केले, की या खेपेला अस्वल पाहिल्याशिवाय ती परत जाणार नाही. चैत्रात आमच्याकडे मोह फुलतो. फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. ती खायला अस्वले शेतांच्या बांधांपर्यंत येतात. मी नको म्हणणार होतो. पण सत्तरीचे बाबा म्हणाले, “नेऊ. आपल्या बांधावरच्या मोहापाशी मचाण आहे, तिथे बसू. मीही येतो.”

त्या रात्री ओसरीवर मी त्यांना पत्राची हकीगत सांगितली. ते बराच वेळ खुंट्यांकडे पाहत राहिले. धाकटी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून जागीच होती. मग ते बोलू लागले.

“१९६५ चा चैत्र. मी दहा वर्षांचा होतो. मोह वेचायला गेलेल्या एका बाईला अस्वलानं फाडलं. एक डोळा गेला तिचा. गावाची माणसं आबाजींकडे आली. बंदूक त्यांच्याचकडे होती, त्यामुळे जाणं भाग होतं. मला म्हणाले, चल, धीट होशील. मला कोण आनंद! निघताना एकच गोष्ट बजावली. मचाणावर काही झालं तरी तोंडातून ब्र काढायचा नाही.

“पहाटे ते आलं. आधी आवाज आला. अस्वल फुलं खातं ते नाकातोंडानं सूं सूं करीत, धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखं. मग काळं काही हललं. आबाजींची नजर तेव्हाच अधू होऊ लागली होती. ते कोणाला सांगत नसत. माझे डोळे पोराचे. मला त्याच्या पाठीवर एक उंचवटा दिसला. वाटलं, केस असतील, अस्वलाच्या मानेवर झुलपं असतात. मग तो उंचवटा हलला. त्याचे दोन झाले.”

बाबा थांबले. धाकटी उठून बसली.

“मी बोललो नाही. ब्र काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना. मी हाताची मूठ तोंडात घातली. मग बार झाला.”

आपल्याकडची अस्वलीण पिलांना पाठीवर घेऊन हिंडते, हे मी शाळेत मुलांना शिकवतो. हिवाळ्यात गुहेत जन्मलेली पिले चैत्रात दोन-तीन महिन्यांची असतात आणि आईच्या दाट केसांना धरून बसतात. हे सारे मला पुस्तकाने शिकवले होते. माझ्या बापाने ते कसे शिकले, ते मला त्या रात्री कळले.

“उजाडल्यावर खाली उतरलो. पिलं तिच्या पाठीला तशीच धरून होती. सोडवता सोडवेनात. हीच ती बाईला फाडणारी की दुसरी, ते कोणी सांगावं? आबाजी खाली बसले ते उठेनातच. घरी आणून शेळीचं दूध पाजलं. एक तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं माझ्या मागं मागं फिरू लागलं. पावसाळ्याच्या तोंडी दरवेशी आला, त्याला आबाजींनी ते देऊन टाकलं. जंगलात सोडलं तर मरेल, घरात ठेवलं तर कोणाला तरी फाडेल. दुसरं काय करणार होते? त्यानं माझ्यादेखत त्याच्या नाकात... जाऊ दे.

“मी रात्री दचकून उठू लागलो. तेव्हा आजीनं त्याच दरवेशाकडून अस्वलाच्या केसाचा ताईत घेऊन माझ्या गळ्यात बांधला. भीती जाते म्हणतात.”

“आणि बंदूक?” मी विचारले.

“त्यांनी पुन्हा उचलली नाही. १९७२ चा कायदा आला तेव्हा आजूबाजूच्या शिकाऱ्यांनी आरडाओरड केली. आबाजींनी त्याच्या आधीच ती सरकारजमा केली होती.”

“मग तुम्ही त्यांना कधी सांगितलंत? तुम्हाला पिलं दिसली होती ते?”

बाबा म्हणाले, “नाही. ते गेले तोवर नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग बोलला का नाहीस? काय उत्तर देणार होतो?”

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आम्ही मचाणावर जाऊन बसलो: बाबा, मी, धाकटी आणि आमचा जुना गडी. हवेत गारवा होता. मोहाचा गोड, जडसा वास कोंदला होता, आणि फुले पडत होती. पाचोळ्यावर टप्, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा टप् टप्. गड्याने धाकटीला हळूच सांगितले, “बाई, आता चूप बसाचं. बोललं का पळते थे.”

“नाही,” बाबा म्हणाले. “तिला बोलू दे. बेटा, जे दिसेल ते सांग. मोठ्यानं सांग.”

गड्याने माझ्याकडे पाहिले. म्हाताऱ्याचे डोके फिरले की काय, असा त्याच्या नजरेत प्रश्न होता. मी काही बोललो नाही.

झुंजुमुंजू झाले आणि तो आवाज आला. सूं सूं. बांधाच्या कडेची पळसाची पाने हलली. अंधाराचाच एक तुकडा सुटून पुढे यावा तसे ते आले आणि फुलांत तोंड घालून चालू लागले. मला नुसता काळा ढीग दिसत होता. बाबांना तेवढाही दिसत नसावा. त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदू व्हायचे आहे. इतक्यात धाकटी उठून किंचाळली,

“आजोबा, पाठीवर आहेत! पिल्लं आहेत!”

ढीग मागच्या पायांवर उभा राहिला. माणसासारखा उभा राहून त्याने हवा हुंगली. मग तो खाली झाला आणि पळसाच्या झाडोऱ्यात धडधडत गेला. सारा प्रकार इतका थोडा वेळ चालला, की धड अस्वल पाहिले असेही मला म्हणता येणार नाही.

गडी हिरमुसून म्हणाला, “पिलं कायची जी? केसं असन.”

“असू दे,” बाबा म्हणाले. “तिला दिसलं ते तिनं सांगितलं.” आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले. उजाडले, फुले वेचणाऱ्या बायका टोपल्या घेऊन आल्या, तरी ते खाली उतरायचे नाव घेईनात.

त्याच दुपारी मी ओंटारिओला उत्तर लिहिले. ‘पाठवायचे की नाही, ते तू आणि त्याची आई ठरवा. पण पाठवलेस, तर शेजाऱ्याला आधी विचार, मुलाला काही दिसले तर त्याला बोलता येईल का? शिकार हातची गेली तरी?’

चार दिवसांनी उत्तर आले. शेजारी मनमुराद हसला होता. म्हणाला, मग शिकार कशी होणार? मुलगा गेला नाही. आठवडाभर रुसला आणि मग विसरला, असे त्याच्या बापाने लिहिले आहे. मुले विसरतात, असे बापांना वाटतच असते.

उन्हाळा संपला, शाळा उघडली. पहिल्याच दिवशी सवयीने माझा हात टेबलावर आपटला आणि ‘एकदम चूप! तोंडातून ब्र...’ एवढे शब्द बाहेर पडले. पुढचे मला बोलवेना. मागच्या बाकावरच्या एका बारक्या पोराचे बोट अर्धवट वर येऊन थांबले होते.

“बोल रे,” मी म्हटले, “काय दिसलं तुला?”

तेव्हापासून माझ्या वर्गात फार गोंगाट असतो. हेडमास्तरांनी दोनदा तक्रार केली आहे.