शेवटचा पाऊस कधी पडला होता?



ऑक्टोबर आला की आमच्या पुण्यातल्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, यंदा हवेचं काही खरं नाही." खरं म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा नेहमीचाच. सप्टेंबरात इथे दुपारचं सरासरी तापमान ३० अंशांच्या आसपास असतं, ऑक्टोबरात ते ३२ च्या जवळ जातं. ढग हटलेले, जमीन अजून ओली, म्हणून घाम वाळत नाही. रात्री पारा २० च्या घरात उतरतो. जुने वैद्य शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणायचे, ते उगाच नाही!

पण "नेहमीचं" म्हणजे कधीचं? हा प्रश्न मला पडला तो एका चुकीमुळे. ती चूक माझीच होती.

२०१९ चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. सप्टेंबरअखेर पुण्यात ओढ्याला पूर आला. राजस्थानातून मान्सून परतायला १ सप्टेंबरला सुरुवात होते असं वेळापत्रक तेव्हा होतं. त्या वर्षी तो ९ ऑक्टोबरला परतू लागला. पुढे अरबी समुद्रात चक्रीवादळं झाली आणि दिवाळीतही पाऊस आलाच. मुलांनी अंगणात केलेले किल्ले भिजले, त्यांतली तळी भरली, बाहेर राहिलेल्या पणत्यांमध्ये पाणी साचलं.

नोव्हेंबरच्या शेवटी वर्षानुवर्षे माझ्याकडे येणाऱ्या एक मावशी आल्या. तीन दिवस ताप, अंग मोडून आलेलं. मी म्हटलं, "मावशी, आता थंडी पडायला लागली, डेंग्यूचा मोसम संपला. हवापालटाचा ताप आहे, गोळ्या घ्या." रक्त तपासायलाही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा त्यांनी उठून स्वयंपाक केला. त्याच रात्री मुलगा त्यांना घेऊन आला. पोटात सतत दुखत होतं, उलट्या थांबत नव्हत्या, हातपाय गार, रक्तदाब जेमतेम लागत होता. डेंग्यूच होता. चार दिवस आयसीयूत काढून त्या घरी आल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "ताप तर गेला होता की हो."

मोसम संपला हे मी कशावरून ठरवलं होतं? डोक्यात बसलेल्या सरासरीवरून. नंतर वाचलं तेव्हा कळलं की मान्सूनच्या त्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवरून ठरवलेल्या होत्या. हवामान खात्याने २०२० मध्ये त्या बदलल्या. राजस्थानातून परतीची सुरुवात आता १७ सप्टेंबरला धरतात. मुंबईतून मान्सून सप्टेंबरअखेर जातो असं मानत, ती तारीख ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे मी आजोबांच्या काळाचं पंचांग घेऊन रुग्ण तपासत होतो. आणि नवी तारीखही सरासरीच. एखाद्या वर्षाने ती पाळलीच पाहिजे असं थोडंच आहे?

आता डासाचा हिशोब बघा. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्याने डेंग्यूच्या रुग्णाचं रक्त प्यायलं की विषाणू त्याच्या अंगात तयार व्हायला आणखी आठ ते बारा दिवस. तो तुम्हाला चावल्यावर ताप यायला चार ते दहा दिवस. बेरीज करा, तीन ते साडेचार आठवडे झाले. शिवाय डास काही आठवडे जगतो, तेव्हा थोडे दिवस वरचे धराच. दुपारी आपण घामाघूम आणि पहाटे पांघरूण शोधतो, पण दोन्हींची सरासरी येते साधारण २५-२६ अंश, आणि ती डासाला छान मानवते. आपल्या त्रासाच्या हवेत त्याची चैन!

म्हणून आता मी टेबलावरच्या कॅलेंडरवर शेवटच्या चांगल्या पावसाच्या तारखेला गोल करतो आणि तिथून सहा आठवडे मोजतो. तेवढे दिवस कुणीही ताप घेऊन आलं की डेंग्यूचा विचार आधी. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ तपासणी उपयोगी पडते.

तुम्हीही तारीख लक्षात ठेवा. दिवाळीनंतर किल्ला मोडा, पणत्या उपड्या करा, कूलर आणि फ्रिजमागचा ट्रे कोरडा करा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घरच्या घरी नको, रक्तस्राव वाढू शकतो. सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे असतं, मला मात्र पोटदुखीची जास्त धास्ती वाटते. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत सांभाळायचे. त्या काळात पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली किंवा माणूस मलूल पडला, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा.