पायऱ्या चढून गेल्यावर फोटो काढताना

जबलपूरला दीक्षितपुऱ्यात कुणाकडे उतरलात, तर पाहुणचार ठरलेला. सकाळी त्रिपुरी काँग्रेसच्या (१९३९) स्मरणार्थ बांधलेल्या कमानिया फाटकाकडे खव्याची जिलेबी खायची आणि मग भेडाघाट गाठायचा. संगमरवरी खडकांत नाव फिरवून आणतात, ते सोपे. चौसष्ट योगिनींचे देऊळ मात्र टेकडीवर आहे. शंभरावर पायऱ्या आहेत आणि उन्हात त्या दुप्पट वाटतात.

वाटेवरचे तेवर म्हणजे कलचुरींची जुनी राजधानी त्रिपुरी. दहाव्या शतकातले हे देऊळ त्यांच्याच काळातले. वर पोहोचल्यावर गोल ओवरी दिसते, मधोमध नंदीवर बसलेले शिवपार्वती. नावात चौसष्ट असले तरी ओवरीतले कोनाडे ऐंशीच्या वर आहेत. बऱ्याच मूर्ती भंगलेल्या, पण दागिन्यांचे कोरीवकाम पाहत राहावे असे. आणि नेमके इथेच फोटो बिघडतात. ओवरीत सावली असल्याने शटर मंद चालते, आणि आपली छाती तर भात्यासारखी हलत असते.

मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या मावशी आमच्याकडे आल्या होत्या. वय शहात्तर. “मला एकदा वर ने रे, गुडघे पुन्हा ऐकायचे नाहीत,” म्हणाल्या. दर पंधरा-वीस पायऱ्यांवर बसत चढल्या. असा फोटो दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून वर गेल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवला, आधी दोघेही पाणी प्यायलो, तीन-चार मिनिटे नुसते बसलो. मावशींचा चेहराही तोवर निवला.

दम लागलेला असताना श्वास घट्ट रोखून धरायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. शरीर हवा मागत असते, तेव्हा रोखलेल्या श्वासाने हात उलट जास्त थरथरतात. (रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर ते करूच नये.) त्यापेक्षा सावकाश श्वास सोडा. रेचक संपल्यावर पुढचा श्वास सुरू होण्याआधी क्षणभर छाती आपोआप थांबते. तेवढ्यात बटण दाबा, तेही धक्का न देता, बोटाच्या पेराने हळूच. तो क्षण हुकला तर पुढचा श्वास आहेच.

बायथलॉनचे खेळाडू हेच करतात. बर्फावरून स्की करत धापा टाकत येतात आणि पन्नास मीटरवरच्या पाच लक्ष्यांवर नेम धरतात. आडवे पडून नेमबाजी करताना ते लक्ष्य जेमतेम साडेचार सेंटीमीटरचे असते! श्वास मंदावत, दोन श्वासांमधल्या विरामात ते चाप ओढतात.

बाकीचे काम शरीराच्या आधाराने होते. कोपरे बरगड्यांना टेकवा, पाठ खांबाला लावा, किंवा खाली बसून कोपरे गुडघ्यांवर ठेवा. मूर्तींना आणि कोरीव भागाला मात्र टेकू नका. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एरवी १/५० सेकंद चालतो, तो दम लागलेला असताना १/१२५ ठेवा; २०० ला १/५०० बरा. लागोपाठ तीन फोटो घेतले तर मधला बहुधा स्थिर निघतो, कारण बोट दाबताना आणि उचलताना कॅमेरा हलतो. मोबाइल असेल तर दोन सेकंदांचा टाइमर लावा.

मदनमहालच्या टेकडीवरही हाच उपाय. राणी दुर्गावतीच्या नावाने ओळखला जाणारा तो किल्ला भल्यामोठ्या खडकावर उभा आहे. त्याच बाजूला एका दगडावर अलगद टेकलेली शिळा आहे, २२ मे १९९७ च्या भूकंपातही न हललेली. तिचा फोटो आपल्या धापेने हलला तर शोभत नाही.

धुवांधारला मात्र श्वासाची युक्ती पुरत नाही. पाणी दुधासारखे दिसायला १/८ सेकंद तरी हवा, त्याला तिपाईच लागते. आणि तुषारांसाठी एक कोरडा पंचा न्या, लेन्स सारखी पुसावी लागते.