हवा किती? फक्त सव्वीस!

आपल्याकडे टायरमधली हवा हा चर्चेचा विषयच नसतो. पंपावरचा हवावाला ‘कितना?’ म्हणतो, आपण ‘तीस-पस्तीस’ असं काहीतरी ठोकून देतो आणि निघतो. बात खतम! मीही लहानपणापासून हेच बघत आले. मग नोकरीसाठी मँचेस्टरला आले आणि बऱ्याच सेव्हिंगनंतर माझ्या आयुष्यात ‘ती’ आली. लाल रंग, दोनच सीट, उघडणारं छप्पर आणि चक्क डोळे मिटणारे हेडलाइट. सेकंडहँड माझदा एमएक्स-५, १९९६ चं मॉडेल. जवळजवळ माझ्याच वयाची!

तिच्या टायरसाठी कंपनीने दिलेला आकडा आहे २६ पीएसआय. चारही चाकांना तोच.

फोनवर हे ऐकून पुण्यात बाबा हादरलेच. ‘‘सव्वीस? अगं, पंक्चर आहे का काय? पस्तीस ठेव. टायर टाइट असला की मायलेज मिळतं.’’

बाबांचा फंडा तसा चुकीचा नाही. कडक टायर कमी दबतो, सहज घरंगळतो, पेट्रोल वाचतं. पण मायलेजसाठी स्पोर्ट्‌स कार घेणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय! शिवाय माझी गाडी जेमतेम एक टनाची. इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवून बसवलेलं, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं, म्हणून आकडाही दोन्हीकडे सारखा. पोर्श ९११ चं इंजिन पार मागे असतं, तिथे मागच्या टायरना जास्त हवा लागते. थोडक्यात काय, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या कामाचा नाही. आणि हो, टायरच्या कडेवर कोरलेला आकडा म्हणजे कमाल मर्यादा. तो भरायचा आकडा नव्हे!

एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण पोस्टकार्डाएवढा. हवा वाढवली की हे पोस्टकार्ड आक्रसतं, मधलाच पट्टा झिजतो आणि गाडी खड्ड्यावरून टुणकन उडते. हवा कमी पडली की कडा झिजतात, टायर तापतो, स्टीअरिंग आळसावतं. पावसात मात्र कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगायला लागतो. तिथे बाबांना अर्धा मार्क.

हा अर्धा मार्क मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पाऊस कधीही येतो. आणि माझा लाडका रस्ता म्हणजे मॅकल्सफील्ड ते बक्स्टन, ‘कॅट अँड फिडल’. नुसती वळणं आणि अपघातांसाठी बदनाम. माझी गाडी मागच्या चाकांवर पळणारी. ओल्या वळणावर मागचा टायर सुटला, तर सावरायला वेळ किती मिळणार?

म्हणून एका कोरड्या रविवारी त्याच रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून, मी २४, २६ आणि २८ असे तिन्ही आकडे चालवून बघितले. २४ वर गाडी वळायला कंटाळा करत होती. २८ वर वळायची झटकन, पण उंचवट्यावर मागची बाजू उडत होती. २६ वर रस्ता हाताला कळत होता. माझदाच्या इंजिनीअर्सना सलाम!

खरी गोम पुढेच आहे. हा आकडा थंड टायरचा. गाडी निदान तीन तास उभी हवी. पळून आल्यावर तोच टायर २९-३० दाखवतो आणि हौशी मंडळी लगेच हवा सोडतात. सोडू नका! तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय जातो. सप्टेंबरमध्ये अठरा अंशांना भरलेले २६ जानेवारीच्या एखाद-दोन अंशांत २३ वर येतात, तेही कुठे गळती नसताना. पस्तीसवाल्याला तीनचा फरक चालून जाईल, सव्वीसवालीला नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी सकाळी, ऑफिसला निघण्याआधी, मी स्वतःचं गेज घेऊन चारही चाकांपुढे उकिडवी बसते. शेजारच्या आजी खिडकीतून बघत असतात.

जूनमध्ये बाबा येतायत. बाजूच्या सीटवर ते आणि मागे त्यांची बॅग म्हटल्यावर २८ करायची माझी तयारी आहे. ते तीसवर अडून बसलेत. येताना स्वतःचं गेज आणतो म्हणालेत.