बाणकोट ते जैतापूर : सायकलीचे एक वर्ष

रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा उत्तरेला बाणकोटच्या खाडीपासून दक्षिणेला विजयदुर्गच्या खाडीपर्यंत जातो. नकाशावर ही लांबी १६७ किलोमीटर भरते. सपाट मुलखात सरावाचा सायकलस्वार एवढे अंतर एका लांब दिवसात कापेल. इथे त्याला आठवडा लागतो, आणि सोबत चित्रांची वही किंवा लिखाण असेल तर वर्षसुद्धा अपुरे पडते. कारण भूगोलात आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या समुद्राला मिळण्यापूर्वी रुंद खाड्या करतात. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचे सडे आणि गावे बहुतेक सड्याच्या पायथ्याशी, माडापोफळींत. रस्ता गावातून घाटीने सड्यावर चढतो, थोडा वेळ उघड्या कातळावरून सरळ धावतो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा समुद्रसपाटीला उतरतो. दिवसात अशा पाच-सहा घाट्या झाल्या, की सह्याद्रीतला एखादा घाट चढल्याइतकी चढाई झालेली असते. घाटमाथ्याची थंड हवा मात्र मिळत नाही.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा महाराष्ट्रातला लौकिक वेगळ्या वाटेने आला. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. तशा शर्यतीत थांबणे म्हणजे नुकसान. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर थांबणे टळतच नाही. खाडी आली की फेरीबोट येईपर्यंत थांबायचे, ऊन चढले की थांबायचे आणि पाऊस लागला की चार महिने थांबायचे. या प्रवासातून जी चित्रे, नोंदी आणि लेख निघतात ते बहुतेक अशा सक्तीच्या थांब्यांत तयार होतात. चालत्या सायकलवर फक्त पाहणे होते, आणि उतारावर तर तेही धोक्याचे.

वर्ष मोजायचे ते दसऱ्यापासून. पावसाने रस्त्यांची केलेली दैना तोवर थोडीफार डागडुजी होऊन सुसह्य झालेली असते. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवण्याला वाऱ्याचा आधार आहे. पहाटे जमिनीकडून मतलई वारा मंद वाहतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि तो बहुधा वायव्येचा असल्याने दक्षिणेला निघालेल्याच्या पाठीशी राहतो. उलट्या दिशेने येणाऱ्याला सड्यावर हाच वारा तोंडावर घ्यावा लागतो. परतीसाठी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावणारी कोकण रेल्वे आहे. खेड, चिपळूण, रत्नागिरी किंवा राजापूर रोड इथून सायकल सामानाच्या डब्यात चढवता येते. मात्र स्थानके किनाऱ्यापासून आत, डोंगरात आहेत, त्यामुळे शेवटची चढण कोणाला चुकत नाही.

रायगडातल्या बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरले की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. बाणकोटचा किल्ला आणि नाना फडणविसांचे वेळास गाव जवळच आहेत. वेळासचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी ओळखला जातो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांच्या रक्षणाचे काम उभे केले. पिल्ले समुद्रात जाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असतो, म्हणजे ऑक्टोबरात इथून गेलेल्याला नुसती वाळू दिसते. वर्षभराच्या प्रवासाची रेघ सरळ राहत नाही ती अशा जागांमुळे. एकच गाव दोन ऋतूंत दोनदा पाहावे लागते, आणि वहीतही त्याची दोन पाने होतात.

केळशी, आंजर्ले, हर्णै हा टप्पा अंतराने छोटा आणि कामाने मोठा आहे. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, हर्णैला समुद्रात सुवर्णदुर्ग आणि त्याच्यासमोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवागड असे तीन छोटे किल्ले. चित्रकाराला तिथे पहिली ओढ किल्ल्याची लागते. पण हर्णैचा खरा विषय संध्याकाळचा मासळीचा लिलाव आहे. होड्या लागतात, पाट्या वाळूवर उतरतात, पुकारा सुरू होतो आणि काही मिनिटांत ढीग हलतो. तिथे रंग काढायला वेळच नसतो. पेन्सिलीची रेघ, बाजूला दोन शब्दांची नोंद, एवढ्यावर भागवावे लागते. सुवर्णदुर्ग काय, तो तीनशे-साडेतीनशे वर्षे तिथेच आहे.

पुढचे मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. कर्वे सतरा वर्षांचे असताना परीक्षेसाठी इथून साताऱ्याला पायी गेले. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्ये सह्याद्री, आणि तिथे पोचल्यावर वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. गिअरच्या सायकलवरून दापोलीची चढण चढताना तक्रार करणाऱ्याने ही हकिकत माहीत करून घेतलेली बरी.

दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. २००३ पासून इथे गाड्या नेणारी फेरीबोट चालते; सायकल अर्थातच सहज चढते. असाच दुसरा तरंगता दुवा तवसाळ आणि जयगड यांच्यामध्ये शास्त्रीच्या मुखावर आहे. फेरी नसती तर खाडीला आतून वळसा घालण्यात दिवस गेला असता. बोट नुकती सुटलेली असली की जेटीवर जी वाट पाहावी लागते ती जलरंगांसाठी पुरेशी असते. पाणी जवळ असते, पण खारे. ते रंगात वापरले की कागद नीट वाळत नाही आणि वाळला तरी मिठाचे बारीक कण वर राहतात. पिण्याच्या बाटलीतले गोडे पाणी रंगांना द्यायचे की घशाला, हा प्रश्न मार्चनंतर गंभीर होतो.

गुहागर, पालशेत, हेदवी, वेळणेश्वर ही गावे डिसेंबर-जानेवारीत उत्तम. जयगड ओलांडले की मालगुंड लागते. केशवसुतांचे हे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे उभारलेले त्यांचे स्मारक गणपतीपुळ्याच्या गर्दीपासून अगदी जवळ असूनही बरेचसे शांत असते. आरे-वारेच्या चढावरून दिसणारे दोन किनारे इतक्यांनी टिपले आहेत, की नव्याने काढण्यासारखे तिथे फारसे उरलेले नाही.

रत्नागिरी शहरात सायकल थोडे दिवस विसावते. चेन, ब्रेक आणि तारा यांना खाऱ्या हवेचा गंज लागलेला असतो. तेल देऊन पुसणे हे इथे रोजचे काम, महिन्याचे नव्हे. शहरातला थिबा राजवाडा ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी बांधला. थिबा १८८५ साली राज्य गमावून हद्दपार झाला आणि १९१६ साली रत्नागिरीतच वारला. त्याच्या नशिबातला समुद्र हा रोज दिसणारा, पण ओलांडता न येणारा होता.

शिमग्याच्या पालख्या नाचून घरी बसल्या आणि आंब्याच्या पेट्या भरू लागल्या, की दक्षिणेचा टप्पा उरतो : भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर. ऊन कडक असते, म्हणून सायकल पहाटे आणि काम सकाळी. इथला सर्वांत मोठा विषय मात्र किनाऱ्यावर नाही, सड्यावर आहे. कातळात कोरलेली प्राचीन चित्रे, म्हणजे कातळशिल्पे, या भागात शेकड्यांनी सापडली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव हिंडून त्यांचा शोध आणि नोंदी केल्या. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणे आली. त्यांतली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातले आणि एक गोव्यातले. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, प्राणी असे इतर आकार भरलेले आहेत. देवाचे गोठणे इथे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, असा त्या जागेच्या चुंबकत्वाचा गुण आहे.

ही चित्रे कागदावर उतरवणे अवघड आहे. उभे राहून पाहिले तर पूर्ण आकार नजरेत मावत नाही. दुपारी ऊन डोक्यावर आले की खोदरेघेतली सावली मिटते आणि चित्र कातळात विरते. तिरप्या उन्हाचा सकाळचा किंवा संध्याकाळचा तास तेवढा उपयोगाचा. रेघ उठून दिसावी म्हणून खडू किंवा रंग भरण्याचा मोह काहींना होतो. त्याने कातळ खराब होतो, म्हणून तो टाळायलाच हवा. दोरीने चौकटी आखून मापाने काढलेले साधे रेखाटन संथ असले तरी विश्वासाचे ठरते.

जूनमध्ये सायकल भिंतीला लागते. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. वर्षाची खरी निर्मिती आता सुरू होते : नोंदींचे लेख, रेखाटनांची चित्रे, मापांचे नकाशे. प्रवास आणि त्याचे लेखन यांच्यात अंतर पडणे नवे नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थान पाहिला. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ साली छापले गेले. मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ ते १९२८ सायकलवरून जगभर फिरले, आणि त्यांचा वृत्तान्त १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्या मानाने एक पावसाळा म्हणजे घाईच.

पावसाळ्यातल्या या कामाचा शत्रू दमटपणा आहे. कागद सादळतो, रंग वाळत नाही, वहीला बुरशी धरते. चित्रे चुलीच्या खोलीत किंवा निदान दिव्याखाली ठेवावी लागतात आणि मोठे काम त्यामुळे तुकड्यांत होते. भाद्रपदात मुंबईचे चाकरमानी गणपतीला गावी येतात, तेव्हा घरातली जागा आणि निवांतपणा दोन्ही संपतात आणि टेबल आवरावे लागते.