पाठंगुळीचीं विमानें

लहान मूल चालून थकलें म्हणजे वडील माणूस त्यास पाठंगुळीस घेतो, व चढणीची वाट संपली कीं खालीं उतरवितो. या साध्या व्यवहारांत जी युक्ति आहे, तीच विमानविद्येच्या इतिहासांत निरनिराळ्या देशांच्या लोकांनीं निरनिराळ्या हेतूंनीं योजिली होती, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. संगणकाच्या पडद्यावर जुन्या युद्धांतील विमानें चालविण्याचा अनुभव देणारे जे सिम्युलेटर असतात, त्यांपैकीं एकासाठीं मी व माझे दोन वर्गबंधु गेलें वर्षभर अशा जोडविमानांच्या प्रतिकृति तयार करीत आहों. त्या उद्योगांत जें शिकावयास मिळालें व जो प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला, तो येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम या युक्तीचें कारण पाहूं. जमीन किंवा पाणी सोडून वर उठतांना विमानास सर्वांत अधिक कष्ट पडतात. जेवढें ओझें घेऊन तें स्वतःच्या बळावर उठूं शकतें, त्याहून अधिक ओझें तें एकदां वेग आल्यावर हवेंत वाहून नेऊं शकतें. तेव्हां भरलेलें लहान विमान मोठ्या विमानानें वर न्यावें व तेथें सोडून द्यावें, हा विचार साहजिकच सुचला. १७ मे १९१६ रोजीं इंग्लंडमध्यें ‘पोर्ट बेबी’ नांवाच्या एका मोठ्या उडत्या नौकेवरून एक लहान ‘ब्रिस्टॉल स्काउट’ विमान हवेंतच मोकळें करण्यांत आलें. पुढें रॉबर्ट मेयो या इंग्रज तज्ज्ञानें हीच कल्पना टपालाच्या कामीं लाविली. ‘माया’ नांवाची चार इंजिनांची उडती नौका खालीं, व तिच्या पाठीवर ‘मर्क्युरी’ नांवाचें चार इंजिनांचें जलविमान, अशी ती जोडी होती. आठहि इंजिनांच्या बळावर दोघें पाण्यावरून उठत. फेब्रुवारी १९३८ मध्यें तीं हवेंत प्रथम विभक्त झालीं. आणि त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत डॉन बेनेट या वैमानिकानें मर्क्युरी आयर्लंडमधील फॉइन्सहून थेट अटलांटिकपार मॉन्ट्रिअलला नेलें. या जोडीची कळ मोठी मौजेची होती. एक कडी खालच्या वैमानिकानें सोडावयाची, दुसरी वरच्यानें, आणि तिसरी कडी वरचें विमान पुरेशा जोरानें वर ओढूं लागलें म्हणजे आपोआप सुटावयाची. दोघांची संमति व हवेची अनुकूलता, हीं तिन्ही जुळल्यावांचून ताटातूट होत नसे.

रशियांत व्लादिमीर वाख्मिस्ट्रॉव्ह या अभियंत्यानें १९३१ पासूनच असे प्रयोग चालविले होते. त्याच्या योजनेस ‘झ्वेनो’, म्हणजे साखळीचा दुवा, असें नांव होतें. तिच्या अखेरच्या स्वरूपांत टीबी-३ या अवाढव्य बॉम्बफेक्या विमानाच्या दोन्ही पंखांखालीं एकएक आय-१६ लढाऊ विमान टांगलेलें असे. म्हणजे ही पाठंगुळी नसून, आई दोन्ही काखांत दोन मुलें घेते तसा प्रकार होता. प्रत्येक आय-१६ खालीं २५० किलोंचे दोन बॉम्ब असत. एवढें ओझें घेऊन तें चिमुकलें विमान एकट्यानें जमिनीवरून उठूं शकत नसे. ऑगस्ट १९४१ मध्यें क्रिमियाकडून निघालेल्या अशा विमानांनीं रुमानियांतील चेर्नावोडा येथील डॅन्यूब नदीवरच्या पुलावर दोन वेळां हल्ला केला, व १३ तारखेच्या दुसऱ्या हल्ल्यांत पुलाचा एक गाळा निकामी केला. हें कृत्य युद्धाचेंच होतें, यांत शंका नाहीं. तथापि त्यांतील प्रत्येक विमानांत माणूस बसलेला होता, आणि काम उरकून प्रत्येकानें घरीं परतावें अशीच त्याची योजना होती.

तिसरें उदाहरण जर्मनीचें. तेथें खालीं युंकर्स-८८ हें दोन इंजिनांचें बॉम्बफेकें विमान, व त्याच्या पाठीवर दांड्यांच्या तिकाटण्यावर मेसरश्मिट-१०९ किंवा फोके-वुल्फ-१९० हें लढाऊ विमान उभें करीत. वैमानिक एकच, व तो वरच्या विमानांत. तिन्ही इंजिनें त्याच्याच हातीं असत. खालच्या विमानाचें पुढील नाक, जेथें एरवीं वैमानिक व त्याचे सोबती बसावयाचे, तें काढून टाकून तेथें सुमारें १,८०० किलो स्फोटक द्रव्याचें टोंक बसवीत. लक्ष्याजवळ येतांच वरचा वैमानिक नेम धरून कळ दाबी. खालचें विमान स्वयंचलित यंत्राच्या आधारें सरळ जाऊन आदळे, व वरचें परत फिरे. या जोडीस जर्मन लोक ‘मिस्टेल’ म्हणत. आमच्याकडे आंब्याच्या फांदीवर दुसऱ्याच्या रसावर जगणारें जें बांडगूळ दिसतें, त्याच्याच जातीच्या एका वनस्पतीचें हें नांव आहे. खरें बांडगूळ आश्रय देणाऱ्या झाडास हळूहळू शोषितें. या बांडगुळानें मात्र आपलें झाड एकदमच शत्रूवर फेंकून द्यावयाचें होतें.

पडद्यावर विमान उडविणाऱ्या मंडळींस मिस्टेलचेंच आकर्षण फार, म्हणून आमच्या कामाचा आरंभ त्यापासून झाला. बाह्य आकार घडविणें हें कष्टाचें असलें तरी अवघड नाहीं; जुनीं छायाचित्रें व आराखडे समोर ठेवून पंख, शेपूट व दांडे हळूहळू आकारास येतात. खरी अडचण पुढें आली. सिम्युलेटरला प्रत्येक विमानाचें एक कोष्टक द्यावें लागतें. त्यांत वजन किती, गुरुत्वमध्य कोठें, पंखांचें क्षेत्रफळ किती, इंजिनें किती व त्यांचा जोर कोणत्या रेषेंत लागतो, हें सर्व लिहावें लागतें. वरच्या विमानाच्या इंजिनाचा जोर गुरुत्वमध्याच्या पुष्कळ वर लागत असल्यामुळें सारी जोडी नाक खालीं घालूं पाहते. तें सांवरण्यासाठीं शेपटीचे आंकडे आम्हांस कित्येकदां बदलावे लागले. ताटातुटीचा क्रमहि लक्षांत घ्यावा लागला. प्रथम मागील दांडा सुटावयाचा, मग वरच्या विमानाची शेपटी किंचित् खालीं येऊन त्याचें नाक उचलावयाचें, आणि नंतर पुढील दांडे सुटावयाचे. हा क्रम चुकला तर दोन्ही विमानें एकमेकांवर आदळतात.

परंतु सर्वांत कठीण प्रश्न आंकड्यांचा नव्हता. आमच्या सिम्युलेटरमध्यें एका नोंदीचें विमान एकच. त्याखेरीज त्यास जें कांहीं जोडावयाचें तें ‘टाकावयाचा भार’ या सदरांत लिहावें लागतें, आणि त्या सदरांत बॉम्ब व तेलाच्या टाक्या एवढ्याच वस्तु येतात. युंकर्स त्या सदरांत घातलें तर सिम्युलेटर त्याचें वजन धरतो, पण पंख व इंजिनें धरीत नाहीं, आणि बिचारें मेसरश्मिट त्या ओझ्याखालीं जागचें हालत नाहीं. शेवटीं माझ्या एका मित्रानें लहानसा कार्यक्रम लिहून अशी व्यवस्था केली कीं, जोडी असेतों तीन इंजिनांचें कोष्टक चालावें व कळ दाबतांच एका इंजिनाचें कोष्टक लागावें. यंत्राची अडचण अशी दूर झाली, पण नोंदवहींतील प्रश्न तसाच राहिला. पंख, चाकें, शेपूट व दोन इंजिनें असलेली ही वस्तु विमान म्हणावी कीं बॉम्ब?

शाळेच्या संगणकखोलींत आमचें काम चाललें असतां नीतिशिक्षणाचा तास घेणारे फादर एकदां मागें येऊन उभे राहिले. त्यांनीं बराच वेळ पाहून विचारलें, “बाळांनो, या खालच्या विमानांत कोण बसतें?” मी म्हटलें, “कोणी नाहीं, फादर.” तेव्हां ते इतकेंच म्हणाले, “मग ज्याच्यावर तें पडतें, तेथें तरी कोणी असतें काय?”

पडद्यावरील जहाजांत कोणी नसतें, हें खरें. परंतु जून १९४४ मध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यापुढें ‘नीथ’ नांवाच्या ब्रिटिश युद्धनौकेस मिस्टेलचा तडाखा बसला, तेव्हां तिजवर माणसें होतीं, व त्यांतील कित्येक मृत्युमुखीं पडलीं. फादरांच्या प्रश्नाचें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. पुढें आमच्यांत मोठा वाद झाला. एक मित्र म्हणाला, “प्रतिकृति ही प्रतिकृति, तींत पापपुण्य कसलें?” त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें, कारण जें घडलें तें झांकून ठेवल्यानें कोणाचेंच भलें होत नाहीं. पण घडलेलें दाखवावयाचें तर पुरतें दाखवावें, असें माझें मत पडलें. त्याला आधारहि मिळाला. शिकाऊ वैमानिकांसाठीं जी मिस्टेल जोडी असे, तिच्या खालच्या विमानास माणसांनीं बसावयाचें नाक तसेंच ठेवलेलें असे. म्हणजे एकाच धडावर कधीं माणसाचें मस्तक, कधीं बारुदाचें.

शेवटीं आम्ही दोन्ही नाकें घडविलीं. माणसाचें नाक असेल तेव्हां तें विमान म्हणून नोंदलें जातें, व स्फोटकाचें नाक लाविलें कीं त्याची नोंद बॉम्बांच्या सदरांत होते. यंत्रास त्याचें कांहींच वाटत नाहीं, परंतु चालविणाऱ्यास तें स्पष्ट दिसतें. प्रतिकृतीसोबत जें माहितीपत्रक दिलें, त्यांत पंखांच्या मापांबरोबर ‘नीथ’वरील मृत खलाशांचाहि उल्लेख केला. तें पत्रक मीं फादरांस नेऊन दाखविलें. त्यांनीं तें सबंध वाचलें व एका शब्दाचा ऱ्हस्वदीर्घ तेवढा सुधारून परत दिलें.

युक्ति तीच, वर उचलून सोडून देण्याची. परंतु तिनें एकानें टपाल नेलें, दुसऱ्यानें पूल पाडला, व तिसऱ्यानें उचलणाऱ्याचाच बळी दिला. बुद्धि ही स्वतः दिशा ठरवीत नाहीं, हें क्रमिक पुस्तकांत वाचलें होतें. आंकडे मांडतां मांडतां तें पटलें. सांप्रत आमच्या हातीं माया व मर्क्युरी यांचें काम आहे. आठ इंजिनें व दोन कड्या व्यवस्थित चालतात. तिसरी कडी, जी हवेनें आपण होऊन सोडावयाची, ती मात्र अजून वेळेवर सुटत नाहीं. येत्या सुटींत ती सुटेल अशी आशा आहे.