लागली का?

मराठीत तंबाखू 'लागते'. पहिल्यांदा खाणाऱ्याला दरदरून घाम फुटतो, डोकं गरगरतं, पोटात ढवळतं आणि आजूबाजूचे हसत विचारतात, "काय रे, लागली का?" सुपारीही अशीच लागते. पण भात गोड लागतो आणि कारलं कडू लागतं, तेव्हाही आपण हेच क्रियापद वापरतो. चटक लागते, नाद लागतो, तेव्हाही हेच. चव, गरगर आणि सवय, तिन्हींचं काम एका शब्दावर भागवणारी भाषा मला फार आवडते. ती बोलताना गडबड मात्र होते.

परवा दुबईहून आलेल्या मित्राने बदलापुरात आमच्या गच्चीवर दोन सिगार काढले. (खरे आहेत की 'मेड इन यूएसए', असं मी विचारलंच. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद आमच्या लाइनवर जन्मलेल्या प्रत्येकाला पाठ असतो.) अर्धा सिगार झाला आणि मला गच्चीचा कठडा धरून बसावं लागलं. धूर तर मी छातीत घेतलाही नव्हता. मित्र म्हणाला, "हा जरा स्ट्राँग आहे. सवय झाली की मजा येते."

त्या वाक्यावर मी अजून अडकलोय. कारण ते मी घरात लहानपणापासून ऐकत आलोय.

आमचे आजोबा अंबरनाथच्या विम्कोत होते. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, १९२३ साली स्वीडिश भांडवलावर उभी राहिलेली. जहाजाचं चित्र असलेली 'शिप' काडेपेटी तिचीच. कारखाना केव्हाच बंद झाला, नाक्याला मात्र लोक अजून विम्को नाकाच म्हणतात. जन्मभर काड्यापेट्या बनवणाऱ्या माणसाने कधी बिडी ओढली नाही, याचं मला नवल वाटायचं. कारण अगदी साधं होतं. आत विस्तव चालत नाही. आठ तासांच्या पाळीत धूर नाही म्हटल्यावर खिशात तंबाखूची डबी आली. जिथे आग न्यायची सोय नाही, तिथे तंबाखू तळहातावर येते.

डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्याने मळणं, मग दोन थापा मारून धूळ उडवणं. चुन्याचा अंदाज चुकता कामा नये. जास्त झाला तर ओठ आतून भाजतो. कमी झाला तर, आजोबांच्या शब्दांत, "नुसता पाला खाल्ल्यासारखं." ते मजेसाठी खात नव्हते. जागं राहायला आणि भूक मारायला खात होते. म्हणून त्यांना कडकच लागायची. पंचाऐंशीव्या वर्षी गेले, तेही तंबाखूने नाही. त्यामुळे आमच्या घरात तंबाखूची बाजू कायम भक्कम राहिली.

गच्चीवरच्या प्रकारानंतर मी जरा वाचत बसलो, तेव्हा कळलं की माझा सिगार आणि आजोबांचा चुना हे एकच काम करतात. निकोटिन आम्लात बांधलेलं राहतं आणि अल्कलीत मोकळं होतं. मोकळं झालं की गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून थेट रक्तात उतरतं. चुना अल्कली आहे. सिगारचा धूरही बहुधा अल्कलीच असतो, त्यामुळे तो नुसता तोंडात घोळवला तरी पुरतो. सिगरेटचा धूर आम्लाकडे झुकणारा, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. त्यात सिगरेटमध्ये एक ग्रॅमही तंबाखू नसते, आणि एखाद्या मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या पाकिटाएवढी भरते. मी कठड्याला का चिकटलो ते समजलं.

कडकपणा शेतातच ठरायला लागतो. निपाणीकडे तंबाखूचा शेंडा खुडतात, म्हणजे झाडाचा जोर फुलात न जाता पानात उतरतो. सगळ्यात वरची, उन्हात तापलेली पानं सगळ्यात जहाल. सिगारवाले त्या पानाला 'लिहेरो' म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'हलका'. नाव ठेवणाऱ्याने बहुतेक स्वतः ओढून पाहिलं नसावं.

आता प्रश्नाचं उत्तर. काही सिगार मजा येऊ नये इतके कडक असतात का? माझ्या मते असतात. 'सवय झाली की मजा येते' हे त्यावरचं उत्तर होऊच शकत नाही. सिगारचे शौकीन स्वतःच चव आणि कडकपणा वेगळा मोजतात. लाकूड, कॉफी, कोको असे वास सांगतात ते चवीचे. गरगर ही चव नाहीच, तो अंगाने दिलेला निरोप आहे. सवय झाली म्हणजे जीभ तयार झाली असं आपण समजतो. प्रत्यक्षात मेंदू तेवढ्या निकोटिनला सरावतो आणि निरोप यायचा थांबतो. ठेच्याशी तुलना करणाऱ्यांना एवढंच सांगतो की वीस वर्षं ठेचा खाल्ला तरी भाकरीची चव जात नाही, आणि मिरची मिळाली नाही म्हणून कुणी रात्री अकराला टपऱ्या शोधत फिरत नाही.

दादा फिरतो. माझा चुलतभाऊ, आनंदनगर एमआयडीसीत कायम रात्रपाळीला. सुरुवात पानातल्या 'एकशेवीस-तीनशे'ने झाली. मग ते लागेना. मग मावा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून. उल्हासनगर स्टेशनबाहेरचा टपरीवाला त्याला पाहिला की न विचारता जादा तंबाखू घालतो. माझ्या सिगारचा किस्सा ऐकून तो पोट धरून हसला. "एवढ्यात लागली तुला?"

हाच दादा गेल्या दिवाळीपासून तिखट खाऊ शकत नाही. वहिनी आमटीत तिखट घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढते. चिवडा चालत नाही, गरम चहाही निववून. आम्हाला वाटलं ॲसिडिटी. कल्याणच्या दातांच्या डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला सांगितलं आणि तीन बोटं उभी धरून दाखवली. एवढी साधारण आत जायला हवीत. दादाची दोनही धड जाईनात. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंडाची आग होते आणि जबडा उघडेनासा होतो. या तोंडात कर्करोगाचा धोका वाढतो आणि सोबतची तंबाखू तो आणखी वाढवते. झालेला ताठरपणा पूर्ण मागे फिरत नाही, पण आज थांबवलं तर निदान वाढ रोखता येते, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या लोकलमध्ये दादा म्हणाला, "आजोबांना काही झालं नाही." मी म्हटलं, आजोबा सुपारी खात नव्हते. खरं तर तंबाखू एकटीही पुरेशी असते, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी तेवढंच सुचलं.

सध्या चार पुड्यांवरून एकीवर आलाय. ती एक रात्री तीनच्या सुमाराला, झोप अनावर होते तेव्हाची. ती सुटत नाही. वहिनी बडीशेप भाजून डबी भरून देते, सकाळी ती भरलेलीच परत येते. परळच्या टाटा हॉस्पिटलला दाखवून या म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय. मंगळवारी सहा चाळीसच्या लोकलने निघायचंय. रात्रपाळी करून तो थेट अंबरनाथ स्टेशनवर येईल, मी बदलापूरला आधी चढून जागा धरतो.